पहिलें वर्ष

जून महिना उजाडला कीं आपल्यासारख्या घरांतून एकच विषय चघळला जातो. कोणाच्या मुलाला कोठें प्रवेश मिळाला, कोणाची मुलगी कोणत्या शाखेला गेली, अमक्याची संगणकाची शाखा अर्ध्या गुणानें कशी हुकली! ओटीवर, लग्नाच्या पंगतींत, देवळाच्या वाटेवर हीच चर्चा. कॉलेजचें नांव विचारतात, फी विचारतात, वसतिगृहांतल्या जेवणाचीहि चौकशी होते, आणि अखेर "पुढें नोकरी कसली मिळते?" येथें येऊन संभाषण थांबतें. पण पहिल्या वर्षाला शिकवितात काय, आणि तें शिकवितो कोण, असा प्रश्न कोणीं विचारलेला मीं तरी ऐकला नाहीं. जणूं पहिलें वर्ष म्हणजे आगगाडी सुटण्यापूर्वीं फलाटावर कशीबशी काढावयाची घटका!

मीं छत्तीस वर्षें कॉलेजांत गणित शिकविलें, आणि त्यांतलीं निदान तीस तरी पहिल्या वर्षाच्या वर्गावर. वरच्या वर्गांचे तास आपल्याला मिळावेत म्हणून आम्हां शिक्षकांत जी चढाओढ चाले, ती मी नेहमीं पाहत आलें. एम्. एस्सी.चा तास म्हणजे मान. पहिल्या वर्षाचा तास म्हणजे नव्यानें लागलेल्या, तासांवर नेमलेल्या एखाद्या पोरसवद्या शिक्षकाच्या गळ्यांत बांधावयाचें लोढणें. शंभर-सव्वाशें मुलें, त्यांतलीं निम्मीं वैद्यकीची प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्याच्या बेतांत असल्यामुळें केवळ नांवापुरतीं दाखल झालेलीं. शास्त्रशाखेचें पहिलें वर्ष ही त्यांची धर्मशाळा. रात्र काढावयाची आणि पहांटे चालूं लागावयाचें. असा तास मी आपण होऊन मागून घेत असें, ह्याचें माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटे. कित्येकांना तो माझा विनय वाटला. विनयाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. वरच्या वर्गांतलीं मुलें आपण काय विचारूं नये हें शिकून तयार झालेलीं असतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना तें अजून ठाऊक नसतें. गणिताच्या मुळावर घाव घालणारे प्रश्न मला विचारले गेले ते त्या वर्गांत.

पहिल्या वर्षाला शिकविणें म्हणजे कोणीतरी पूर्वींच शिजवून ठेवलेलें ज्ञान मुलांच्या ताटांत वाढणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. १८५८ सालीं रिचर्ड डेडेकिंड नांवाचा सत्तावीस वर्षांचा जर्मन तरुण झ्युरिचच्या पॉलिटेक्निकमध्यें शिकवावयास गेला. होतकरू मुलांना कॅल्क्युलसचे प्राथमिक पाठ द्यावयाचे, एवढेंच काम. पण पाठांची तयारी करतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, सतत वाढत जाणारी, परंतु एका मर्यादेपलीकडे कधींच न जाणारी राशि कोठें तरी स्थिरावतेच, हें सिद्ध करण्यास आपणांजवळ कागदावरच्या रेषेखेरीज कांहीं आधार नाहीं. आकृति पाहून मुलांची खात्री पटली असती. त्याची स्वतःची पटेना. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत त्याला संख्यांच्या पायाविषयींची ती कल्पना सुचली, जिला आज गणिती लोक 'डेडेकिंडचा छेद' म्हणून ओळखतात. ती छापून प्रसिद्ध केली मात्र १८७२ सालीं. चौदा वर्षें हा गृहस्थ थांबला! हल्लींच्या काळांत त्याची बढती खासच अडली असती.

त्याच्याहि आधीं पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्यें कोशीनें विद्यार्थ्यांसाठीं रचलेले पाठ १८२१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. 'सीमा' ह्या एका कल्पनेवर सबंध शास्त्र उभें करण्याचा मोठा प्रयत्न त्यांत झाला. तेथील विद्यार्थी आणि चालक दोघेहि कुरकुरत, कीं ज्यांना पूल आणि तोफा बांधावयाच्या आहेत त्यांना इतकी काटेकोर सिद्धता कशाला? दोनशें वर्षांपूर्वींची ती पॅरिसमधली कुरकुर मीं दर जुलैंत माझ्या वर्गांत शुद्ध मराठींत ऐकली आहे.

रसायनशास्त्राची कथा तर याहून मनोरंजक. सेंट पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयांत मेंडेलीव्ह सामान्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि विद्यार्थ्यांच्या हातीं देण्याजोगें रशियन पुस्तक मिळेना म्हणून स्वतःच लिहावयास बसला. त्या वेळीं मूलद्रव्यें त्रेसष्ट ठाऊक होतीं. पहिला भाग लिहून संपला, तेव्हां त्यांत जेमतेम आठ मूलद्रव्यांचा विचार झालेला! उरलेलीं पंचावन्न दुसऱ्या भागांत कोंबावयाचीं कशीं? एखाद्या सुगृहिणीला फळीवर डबे नीट लावल्यावांचून स्वयंपाक सुचत नाहीं, तशी त्याची अवस्था झाली. त्या डबे लावण्याच्या खटाटोपांतून १८६९ सालीं मूलद्रव्यांची आवर्त सारणी निघाली. ती आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर टांगलेली असते. पण ती नवशिक्यांच्या क्रमिक पुस्तकाची अडचण सोडवितांना जन्मास आली, हें त्या भिंतीखालीं बसलेल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं.

आतां आमच्या घरांतली गोष्ट सांगतें. आमचें घर हल्लींच्या मानानें मोठें आहे. आम्ही दोघें, धाकटे भाऊजी, जाऊबाई, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें असे सारे एका छपराखालीं राहतों, आणि कुरबुरी धरून गोडीनें राहतों. त्यांतली नात मला मोठी आजी म्हणते. २०२४ सालीं ती बारावी झाली. गणितांत शंभरांपैकीं सत्त्याण्णव गुण. इंजिनियरिंगला प्रवेश सहज मिळत असतां तिनें बी. एस्सी.ला गणित घेण्याचा हट्ट धरला. तिच्या वडिलांना तें बिलकूल रुचलें नाहीं. "मोठ्या आईनें फूस लावली," असेंहि माझ्या मागें बोललें गेलें. मीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. शेवटीं ती गेली. आणि आश्विनांत, सहामाहीच्या आधींच्या चांचणींत, तिला पन्नासांपैकीं एकोणीस गुण मिळाले.

त्या रात्रीं जेवण न करतां ती माझ्या खोलींत येऊन बसली. "मोठी आजी, मला पुस्तकांतलें एकहि वाक्य कळत नाहीं. मला गणित येतच नव्हतें वाटतं," असें ती म्हणाली तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतें, पण आवाज असा कोरडा होता कीं रडली असती तर बरें, असें मला वाटलें. बाहेर ओटीवर तिचे वडील आणि आजोबा हलक्या आवाजांत बोलत होते. अजून वेळ गेलेली नाहीं, जानेवारींत संगणकाच्या एखाद्या खाजगी अभ्यासक्रमाला घालूं, फुकट वर्ष कशाला घालवावयाचें, वगैरे. तिलाहि तें ऐकूं येत असलें पाहिजे.

मुलगी ढ नव्हती, आणि आळशीहि नव्हती. दोन वर्षें ती सकाळीं सहा वाजतां शिकवणीला जात होती. तेथें तिला जें शिकविलें तें असें: चार उत्तरें दिलेलीं असतात, त्यांतलें बरोबर तें दोन-अडीच मिनिटांत ओळखावयाचें, न ओळखलें तर पुढें जावयाचें. ह्या विद्येंत ती निष्णात झाली होती. आणि कॉलेजांत पहिल्याच आठवड्यांत तिच्यापुढें ठेवली सीमेची व्याख्या. त्यांत उत्तर नाहीं, चार पर्याय नाहींत, आंकडाहि नाहीं. आहेत तीं दोन ग्रीक अक्षरें, 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' हे शब्द, आणि त्यांचा क्रम. क्रम बदलला कीं सगळा अर्थच बदलतो! ज्यानें आयुष्यांत कधीं एक वाक्य तीनदां वाचलेलें नाहीं, त्याला हें वाक्य दगडासारखें लागतें. शिकवणीवाल्यांना मी सर्वस्वीं दोष देत नाहीं. परीक्षाच तशी आहे. पण बारावी आणि पहिलें वर्ष ह्यांच्या मध्यें जी खोल दरी पडली आहे, तिच्यावर पूल बांधण्याचें काम ना शाळा आपलें समजते, ना विश्वविद्यालय. मुलें दर वर्षीं त्या दरींत पडतात आणि आपल्यालाच डोकें नाहीं असें समजून घरीं परततात.

दुसऱ्या दिवशीं मीं तिला जेवणाच्या टेबलावर बसविलें. म्हटलें, देवघरांत घालावयाला चांदीचा चौरस पत्रा करावयाचा आहे. बाजू दहा सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ शंभर. पण सोनाराचा हात माणसाचा आहे. बाजू अगदीं बरोबर दहा येणार नाहीं. माझी अट एवढीच कीं, क्षेत्रफळांत एका चौरस सेंटिमीटरपेक्षां जास्त फरक पडतां कामा नये. तर बाजूंत किती चूक चालेल? ती पटकन् म्हणाली, "अर्धा मिलिमीटर." म्हटलें, करून पाहा. दहा पूर्णांक पांच शतांशाचा वर्ग १०१.००२५ आला. पंचवीस दशसहस्रांशानें पत्रा नापास! तिला हसूं आलें. चांचणीनंतर तिला हसतांना मीं प्रथमच पाहिलें. मग ०.४ मिलिमीटर घेतला, १०.०४ चा वर्ग १००.८०१६, आणि ९.९६ चा ९९.२०१६. पत्रा पास झाला.

"आतां समज," मी म्हणालें, "मी अधिक खाष्ट झालें. मला एक दशांशापेक्षां जास्त फरक नको." तिनें त्यालाहि उत्तर काढलें. मग मीं एक सहस्रांश मागितला. दोन-तीनदां असें झाल्यावर ती कंटाळली. "मोठी आजी, तूं दर वेळीं नवा आंकडा सांगणार आणि मी दर वेळीं हिशेब करणार?" म्हटलें, मग असा नियम शोध, कीं मीं कितीहि लहान आंकडा सांगितला तरी तुझें उत्तर तयार असेल. पाऊण तास गेला. जाऊबाई दोनदां ताटें मांडावयास येऊन परत गेल्या. अखेर तिनें मान वर केली: "तूं जो फरक सांगशील, त्याचा एकविसावा भाग." कां? कारण बाजूंत एका सेंटिमीटरहून कमी चूक असली, तर बाजू आणि दहा ह्यांची बेरीज एकविसाच्या आंतच राहते, आणि वर्गांतला फरक म्हणजे चूक गुणिलें ती बेरीज. तिचें बरोबर होतें. मीं खाष्टपणानें मागितलेल्या आंकड्याचें नांव एप्सिलॉन, आणि तिच्या उत्तराचें नांव डेल्टा. कोणींहि कितीहि लहान एप्सिलॉन सांगावा, आपल्याजवळ डेल्टा तयार असावा, एवढाच त्या भयंकर व्याख्येचा अर्थ आहे.

"मग पुस्तकांत असें कां लिहीत नाहींत?" तिनें विचारलें. मीं पुस्तक उघडून व्याख्या पुन्हा तिच्यापुढें ठेवली. ती वाचून म्हणाली, "असेंच लिहिलें आहे कीं!"

त्याच सुमारास तिची पदार्थविज्ञानाची जर्नल माझ्या हातीं आली. दोलकाचा प्रयोग: मीटरभर दोरीला गोळा टांगावयाचा, वीस आंदोलनें मोजावयाचीं आणि त्यांवरून गुरुत्वाकर्षणाचें प्रवेग काढावयाचें. उत्तर लिहिलें होतें ९८१, आणि शेजारच्या तीन मैत्रिणींच्या जर्नलांतहि ९८१ च. आतां गंमत अशी कीं, ९८१ हा आंकडा लंडनच्या बाजूचा. पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे आणि स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून विषुववृत्ताकडे यावें तसतसा तो कमी होतो. आमच्या पुण्यांत तो ९७८ च्या जवळपास आहे. म्हणजे साऱ्या वर्गानें पुण्यांत बसून लंडनचें गुरुत्वाकर्षण मोजलें! शिवाय वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. घड्याळ दाबण्यांत सेकंदाच्या पंचमांशाची चूक झाली तरी उत्तर दहाएकानें इकडे-तिकडे होतें. प्रामाणिक मुलांचीं उत्तरें ९७० पासून ९९० पर्यंत विखुरलेलीं असावयास हवींत. सगळ्यांचें एकच उत्तर आलें, तर उत्तर आधीं लिहून वाचनें मागाहून भरलीं, ह्याचा तो पुरावा समजावा. माझ्या विद्यार्थिदशेंत आम्हांला एक प्रयोगशिक्षक होते. ९७१ लिहिणाऱ्या मुलाला ते शाबासकी देत आणि ९८१ लिहिणाऱ्याला पुन्हा दोलकाजवळ उभें करीत. त्यांची त्या वेळीं मुलें टवाळी करीत. मला वाटतें, विज्ञान म्हणजे काय हें त्या खोलींत त्यांच्याइतकें कोणालाच समजलें नव्हतें.

येथें थोडें अप्रिय बोलावें लागणार आहे. आपल्या घरांतून "गणित आमच्या रक्तांतच आहे" असें मोठ्या अभिमानानें म्हणण्याची चाल आहे. पणजोबा पंचांग करीत, आजोबा रँग्लर परांजप्यांच्या हाताखालीं शिकले, वगैरे दाखले देतात. रक्तांत काय असतें तें डॉक्टर जाणोत. मीं वर्गांत पाहिलें तें सांगतें. दुष्काळी तालुक्यांतून आलेला, ऊसतोडणीच्या हंगामांत अर्धें वर्ष शाळा बुडालेला एक मुलगा पहिल्या बांकावर बसे. महिनाभरानें तो मला वर्गाबाहेर गांठून अत्यंत संकोचानें म्हणाला, "बाई, प्रत्येक सिद्धतेच्या सुरुवातीला एप्सिलॉन उशिरां कां येतो?" मला कळेना. मग उलगडा झाला. सिद्धता 'लेट एप्सिलॉन' अशी सुरू होते, आणि त्याला ठाऊक असलेला 'लेट' म्हणजे एस्. टी. गाडीला होतो तो! 'समजा' हा साधा मराठी शब्द त्याला कोणीं दिला असता, तर त्याचा महिना वांचला असता. तो शब्द दिल्यावर मात्र त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं. आज तो स्वतः गणित शिकवितो. आमच्या नातीच्या वाट्याला घरांत मोठी आजी होती, टेबल होतें, पाऊण तास होता. त्याच्या वाट्याला ह्यांतलें कांहींच नव्हतें. जें मिळावयाचें तें वर्गांतच मिळावयाचें होतें. म्हणून तो वर्ग कोणाच्या हातीं द्यावयाचा हा प्रश्न मला इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

भाषेची अडचण आजची नव्हे. जुन्या मराठी ग्रंथकारांनीं डिफरन्शियल कॅल्क्युलसला 'शून्यलब्धि' असें नांव दिलें होतें. शून्याकडे जातां जातां जें हातीं लागतें तें! आज कोणी हा शब्द वापरीत नाहीं. मला तो 'विकलना'हून गोड वाटतो. आणि प्राथमिक शिक्षणाला संस्था हवी, उत्पन्न हवें, हीहि समजूत आपल्याकडे नवी नाहीं. चाळीसगांवाजवळ पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानें, यादव राजा सिंघणाच्या ज्योतिषी चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केल्याची आणि त्याला दिलेल्या दानांची त्यावर नोंद आहे. आजोबांचा ग्रंथ देव्हाऱ्यांत ठेवून गंध-फूल वाहण्यापेक्षां तो शिकविण्याची सोय करावी, असें ज्याला सुचलें तो नातू मला फार आवडतो.

चांगला शिक्षक मिळाला म्हणजे सगळें साधतें, असें मात्र नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९६१ ते १९६३ अशीं दोन वर्षें रिचर्ड फाइनमननें नव्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाचा पायाभूत अभ्यासक्रम शिकविला. पुढें १९६५ सालीं ज्याला नोबेल पारितोषिक मिळालें, असा माणूस पहिल्या वर्षाच्या फळ्यापुढें उभा राहिला! त्या व्याख्यानांचे तीन खंड जगभर गाजले; आमच्या घरींहि ते आहेत. पण प्रस्तावना उघडून पाहावी. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें आपण फारसें यशस्वी झालों असें आपणांस वाटत नाहीं, असा कबुलीचा सूर त्यानें स्वतःच लावला आहे. एक माणूस बोलतो आणि दीडदोनशें माणसें ऐकतात, ह्या प्रकारांतच कांहीं तरी उणें आहे. उदाहरण सोडवितांना शेजारीं कोणी तरी बसावें लागतें. गाणें शिकणाऱ्याला हें सांगावें लागत नाहीं. गणित शिकणाऱ्याला मात्र आपण खुशाल दीडशेंच्या कोंडाळ्यांत सोडून देतों.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानें विषय बदलण्याची मोकळीक वाढविली, पदवीचें चौथें वर्ष आणलें, आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याचीहि वाट ठेवली. ह्या शेवटच्या तरतुदीचा मला विशेष विचार पडतो. जो मुलगा एका वर्षानें बाहेर पडेल, त्याच्या बाबतींत पहिलें वर्ष हेंच त्याचें सबंध विश्वविद्यालय. त्याला त्या वर्षांत व्याख्या वाचावयास, स्वतःचें वाचन खरें लिहावयास आणि 'हें कशावरून?' असें विचारावयास शिकविलें नाहीं, तर त्यानें बरोबर काय नेलें? कागद!

आमच्याकडचा वाद अजून मिटलेला नाहीं. जानेवारी आला आणि गेला. नातीला संगणकाच्या वर्गाला घातलें नाहीं, कारण ती म्हणाली कीं वर्ष पुरें होऊं द्या, मग मी काय तें सांगेन. तिचे वडील तयार झाले, पण आनंदानें नव्हे. दुसऱ्या वर्षासाठीं मुख्य विषय कोणता हें भरून द्यावयाचा कागद घड्याळामागच्या फळीवर कोराच पडून आहे. सहामाहीला तिला गणितांत पन्नासांपैकीं एकतीस गुण मिळाले. बारावीच्या सत्त्याण्णवांपुढें हे एकतीस घरांत कोणाच्या डोळ्यांत भरले नाहींत. माझ्या भरले. ह्या एकतिसांतला एकहि गुण ओळखून मिळविलेला नव्हता.

शनिवारच्या आमच्या बैठकीला हल्लीं धाकटे भाऊजीहि येऊन बसतात. त्यांची सारी हयात बँकेंत गेली. व्याजाच्या हिशेबांत त्यांचा हात धरणारा कोणी नाहीं. गेल्या महिन्यांत नातीनें त्यांना विचारलें, "आजोबा, एक अधिक अर्धा अधिक एकतृतीयांश अधिक एकचतुर्थांश, असें मिळवीत गेलें तर बेरीज कोठें थांबेल?" भाऊजी म्हणाले, "भर दर वेळीं कमी होत जाते आहे, तेव्हां कोठें तरी थांबणारच. पांचसहाच्या पुढें कांहीं जात नाहीं." ती म्हणाली, कोठेंच थांबत नाहीं; दहा ओलांडावयाला बारा हजार तीनशें सदुसष्ट पदें लागतात, पण दहाच काय, हवी ती संख्या ओलांडते. भाऊजींनीं तें हंसण्यावारीं नेलें. रात्रीं मात्र त्यांच्या खोलींत दिवा जळत होता. सकाळीं चहाच्या वेळीं त्यांनीं कांहींएक न बोलतां कागद पुढें केला. बँकेच्या वळणाच्या सुरेख आंकड्यांत शंभर पदें मांडलेलीं, आणि खालीं बेरीज: ५.१८७.

तिनें लगेच सिद्धता सांगण्यास सुरुवात केली. तिसरें आणि चौथें पद मिळून अर्ध्याहून अधिक, पुढचीं चार मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक, त्यापुढचीं आठ मिळून... भाऊजींनीं हात वर करून तिला थांबविलें. "तूं सांगूं नकोस. मला पाहूं दे." काल ते पांचशेंपर्यंत आले होते, बेरीज ६.७९ झाली आहे.